चादरीखालची स्टॉर्म

सोलापुरातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी विनंती आहे. ती रास्तच आहे, कारण त्यांचे यजमान हे सदर वाचतात.

थोडक्यात गोष्ट अशी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत या जोडप्याचा टर्किश टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागच्या पंचवीस बाय चाळीसच्या शेडमध्ये यजमानांनी दोन गाड्या ठेवल्या आहेत. एक सॅन स्टॉर्म, लाल, दोन सीटची, नऊ वर्षांपूर्वी गोव्याहून आणलेली. ती अजून गोव्याच्याच नंबरवर आणि पहिल्या मालकाच्याच नावावर आहे. दुसरी २००१ ची मित्सुबिशी लान्सर. तिला मागे भलामोठा स्पॉयलर आणि डिकीवर ‘इव्हो’ असं बोधचिन्ह लावून घेतलं आहे. खरेदी आणि दुरुस्ती मिळून सात लाख गेले. स्टॉर्म दसऱ्याला आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बाहेर निघते, एरवी तिच्यावर सोलापुरी चादर. “घरात पाहुण्याला चादर कमी पडते, पण गाडीला नाही,” असं ताई लिहितात. यजमानांचं म्हणणं, “दहा वर्षं थांब, या गाड्या सोन्याच्या भावात जातील.” ताईंना तिथे दोन रॅपियर माग टाकायचे आहेत, नाहीतर शेड भाड्याने द्यायची आहे. महिना नऊ हजारांचा भाडेकरू तयार आहे. मुलीचं इंजिनिअरिंग दोन वर्षांवर आलं आहे. त्या विचारतात, “जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत खरंच वाढते का, की यांना वेड लागलंय?” आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ आहे: “सासऱ्यांची १९९२ ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल पण मागे प्लास्टिकखाली पडून आहे. भंगारवाला सहा हजार देतोय. ती तरी काढूनच टाकते.”

ताई, सगळ्यांत आधी एक करा. भंगारवाल्याला शब्द दिला असेल तर “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणून सांगा. का, ते ओघात येईलच.

तुमचं पत्र वाचून मला हसू आलं आणि जरा ओशाळल्यासारखंही झालं. मी तीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या, जळालेल्या, भीमेच्या पुरात बुडालेल्या गाड्यांची किंमत लावणं हे माझं पोट. तरी २००४ साली मी स्वतः बावीस हजारांना एक प्रीमियर ११८ एनई घेतली. फियाट १२४ ची बॉडी, आत निसानचं इंजिन. मला वाटलं, अशी सोयरीक पुन्हा जुळायची नाही, ही गाडी एक दिवस दुर्मीळ होणार. आणि झालीही. तिच्यात साठ हजार घातल्यावर २०१२ मध्ये ती एकतीस हजारांना गेली, तेही घेणारा ओळखीचा होता म्हणून. दाराचं रबर मिळवायला मी तीन महिने पुण्याच्या भंगारबाजारात फिरलो होतो, त्याचा हिशेब यात धरलेला नाही.

त्याच कंपनीच्या पद्मिनीला मात्र आज गिऱ्हाईक आहे. चालवायला ११८ एनई सरस होती, हे कुणीही जुना ड्रायव्हर सांगेल. पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून दोन पिढ्या वाढल्या त्या पद्मिनीतून. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा पेपरांनी निरोपाच्या बातम्या छापल्या. ११८ एनई कधी बंद झाली हे माझ्या बायकोला विचारा, तिलाही आठवणार नाही, आणि तिने त्या गाडीला आठ वर्षं शिव्या दिल्यात.

तुमचे यजमान धरून चाललेत की जुनी झाली की किंमत वाढते. तुम्ही कापडाच्या धंद्यातल्या, तुम्हाला हे माझ्याहून लवकर कळेल. न खपलेल्या डिझाइनचा गठ्ठा दहा वर्षं गोदामात ठेवला म्हणून त्याला भाव येत नाही, त्याला उंदीर लागतात. भाव येतो तो, जे डिझाइन एके काळी दहा जणांनी मागितलं आणि दोघांनाच मिळालं, त्याला. वेगळं, विचित्र, कमी निघालेलं, एवढ्याने भागत नाही.

गाडीच्या बाबतीत ही मागणी बहुतेक वेळा चौदा-पंधराव्या वर्षी मनात बसते. तेव्हा खिशात बसच्या तिकिटाचे पैसे नसतात. पुढे तोच पोरगा पंचेचाळिशीला येतो, कर्ज फिटलेलं असतं, मुलं मार्गी लागलेली असतात, आणि तो ती गाडी शोधायला निघतो. टोयोटा सुप्राची चौथी पिढी १९९३ ते २००२ पर्यंत बनली. २००१ मध्ये हॉलिवूडच्या रस्त्यावरच्या शर्यतींच्या एका चित्रपटात ती झळकली आणि एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात बसली. पडद्यावरची ती नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात साडेपाच लाख डॉलरना गेली. उलट फार जुन्या, आजोबांच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांचे भाव तिकडे मंदावलेत, कारण ज्यांना त्या लहानपणी हव्या होत्या ती माणसंच आता कमी राहिली आहेत. म्हणजे ही मागणी म्हातारी होते आणि मरतेही. दहा वर्षं थांबायचं म्हटलं तर दहा वर्षांनी घेणारा कोण असेल, तो आज किती वर्षांचा आहे आणि त्याच्या डोक्यात कुठली गाडी आहे, हे आधी पाहायला हवं.

यजमान तुम्हाला मोबाइलवर जे आकडे दाखवत असतील ते खोटे नाहीत. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ मध्ये ३६ बनल्या, त्यातली एक २०१८ मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. मर्सिडीजची १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे दोनच बनल्या, एक २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोला विकली गेली. पण यामागे शर्यती आहेत. कोणती गाडी कुठल्या स्पर्धेत कितवी आली, चालवणारा कोण होता, मधल्या काळात कुणाकुणाच्या हातात होती, याची कागदोपत्री वंशावळ आहे. आपल्याकडे खिल्लारी बैलाला जशी आई-बापावरून किंमत येते, तसंच.

नुसत्या कमी संख्येने काय होतं, ते जग्वारकडे पाहा. एक्सजे२२० ही गाडी त्यांनी १९८८ मध्ये दाखवली तेव्हा आत बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन होतं. लोकांनी आगाऊ पैसे भरले. १९९२ मध्ये गाडी प्रत्यक्ष हातात आली तेव्हा आत सहाच सिलिंडरचं व्ही६ टर्बो, आणि मधल्या मंदीत हौशी गाड्यांचा बाजार झोपलेला. घेणारेच “नको ही गाडी” म्हणत कोर्टात गेले. तीनशेही बनल्या नाहीत, काही काळ ती जगातली सर्वांत वेगवान गाडी होती, तरी पुढे कित्येक वर्षं तिला कुणी हात लावत नव्हतं. अलीकडे कुठे तिचे दिवस पालटलेत. आणि त्याच जग्वारची १९६१ ची ई-टाइप सत्तर हजारांच्या वर बनली, म्हणजे दुर्मीळ म्हणावी अशी मुळीच नाही, तरी तिला कधी गिऱ्हाईक कमी पडलं नाही. तिच्यातही लोक सुरुवातीच्या मालिकेच्या मागे धावतात, शेवटच्या लांबट, जड मॉडेलच्या मागे तेवढे नाहीत.

पोर्शे ९११ चं उदाहरण तर मला फार आवडतं. चौतीस-पस्तीस वर्षं तिचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. १९९८ ला ते संपलं आणि पाण्यावर थंड होणारं इंजिन असलेली ९९६ आली. नवी गाडी अधिक वेगवान, अधिक आरामशीर. पण तिचे पुढचे दिवे तव्यावर पसरलेल्या अंड्यासारखे, आणि इंजिनातलं एक बेअरिंग असं, की ते गेलं तर अख्खं इंजिन घेऊन जातं. आज ‘शेवटची हवेवाली’ म्हणून आधीच्या पिढीला जो मान आणि भाव आहे, तो ९९६ च्या साध्या मॉडेलला नाही. दोघींत वर्षाचंही अंतर नाही. एक परंपरेच्या शेवटी उभी राहिली आणि दुसरीच्या वाट्याला खोड आली.

आता तुमच्या शेडमध्ये येऊ.

लान्सरबद्दल स्पष्टच सांगतो, तेवढी कडू गोळी यजमानांनी घ्यावी. जगभर ज्या लान्सरला लोक पैसे मोजतात ती इव्होल्यूशन, म्हणजेच इव्हो. मोटार रॅलीच्या शर्यतीत उतरायचं तर तशीच गाडी ठरावीक संख्येने रस्त्यावर विकावी लागे, त्या नियमापोटी ती जन्मली. टर्बो, चारही चाकांना ताकद. फिनलंडच्या टॉमी माकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार जागतिक विजेतेपदं तिच्यावर मिळवली. तुमची लान्सर चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला बनलेली, दीड लिटरची घरंदाज पेट्रोल गाडी. सांगाडा इव्होच्याच घराण्यातला आहे हे खरं, आणि आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनीही तिच्यावर मनापासून प्रेम केलं. पण डिकीवर अक्षरं चिकटवून घराणं बदलत नाही. उलट, जाणकार गिऱ्हाईक ते बोधचिन्ह बघतो आणि मनातल्या मनात पन्नास हजार वजा करतो. इथे आणखी काय काय बदललंय, असं त्याला वाटतं. कुणी न छेडलेली, कंपनीच्या रंगातली, मूळ सीट आणि मूळ म्युझिक सिस्टीम असलेली लान्सर असती तर मी वेगळं बोललो असतो. स्पॉयलरसाठी डिकीला भोकं पाडली आहेत का, ते बघा. रंग किंवा इंजिन बदललं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही प्रश्न येतो. ही गाडी विका. रॅलीची हौस असलेला कोल्हापूर-पुण्याकडचा एखादा तरुण घेईल. आणि जाहिरातीत ‘इव्हो’ लिहू नका.

स्टॉर्म मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तुम्ही तिला वेड म्हणता ते मला पूर्ण पटत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात एका छोट्या कंपनीने भारतीय स्पोर्ट्स कार बनवायचं धाडस केलं. फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन, ताकद साठेक हॉर्सपॉवर. म्हणजे दिसायला बाण आणि पळायला साधी हॅचबॅक. मोजक्याच विकल्या गेल्या. फायबरला गंज लागत नाही, गाडी हलकी आहे आणि तिच्यासारखी दुसरी नाही. भारतीय मोटारींचा संग्रह करणाऱ्या माणसाला त्यात एक स्टॉर्म हवीशी वाटू शकते.

पण अशी माणसं किती? मी म्हणतो देशात पन्नास. तुमच्या आळीत १९९९ साली कुणाच्या भिंतीवर स्टॉर्मचं चित्र होतं? बहुतेकांनी ती कधी पाहिलीच नाही, मग हवीशी कुठून वाटणार. म्हणून तिची किंमत अशी सांगता येत नाही. योग्य माणूस भेटला तर अचानक चांगली, न भेटला तर शून्याच्या शेजारी. याला गुंतवणूक म्हणत नाहीत, स्थळ बघणं म्हणतात. ती वाईट गोष्ट आहे असं नाही, फक्त तिच्या भरवशावर मुलीची फी ठरवू नये.

आणि पत्रातली जी गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीत, ती मला सगळ्यांत गंभीर वाटते. नऊ वर्षं झाली आणि गाडी अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे! दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, हा नियम झालाच. त्याहून मोठी अडचण अशी, की कागदाने ती गाडी यजमानांची नाहीच. मालक वारला तर वारसांच्या सह्या गोळा करत गोव्यात फिरावं लागेल. त्यातला एक जरी दुबईत असला, तर बसा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गोव्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, जुनं बँकेचं कर्ज असेल तर ते उतरवल्याची नोंद, पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५, मग सोलापूरचा एमएच १३ नंबर. यजमानांना दहा वर्षं थांबण्याची तयारी असेल तर त्यातले दहा दिवस आधी या कामाला द्यावेत. जुन्या गाडीच्या बाजारात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली: गाडी तीच, कागद पूर्ण असले की किंमत दुप्पट, नसले की “भाऊ, पार्टसाठी घेतो.”

चासीवर कोरलेला नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवून घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. इंजिनाचाही. आजच, टॉर्च घेऊन. हे तुम्ही करा, यजमानांना शेजारी उभं करून.

काही वाचक विचारतील, व्हिंटेज म्हणून सवलत नाही का? आहे. जुलै २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना वेगळी ‘व्हीए’ मालिका मिळते. तुमची स्टॉर्म १९९९ ची धरली तरी २०४९ उजाडेल. तोवर ती नियमांच्या लेखी नुसती जुनी गाडी आहे, पर्यावरण करासकट.

विम्याचंही एक सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. विजापूर रोडवर एका गृहस्थांची कॉन्टेसा होती, आरशासारखी ठेवलेली. शेजारच्या गोदामाला आग लागली आणि ती जळाली. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा बोनेटवरचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून आला होता. ते म्हणाले, साहेब, चार लाखांची गाडी गेली. पॉलिसी बघितली तर हप्ता वाचवायला त्यांनीच जाहीर किंमत चाळीस हजार लिहिली होती. पूर्ण नुकसानीत मिळते ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली ही जाहीर किंमत, मनातली किंमत नव्हे. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा जपून ठेवलेली गाडी असेल तर फोटो आणि बिलं दाखवून ती नीट लिहून घ्या. नंतर सर्व्हेअरच्या नावाने खडे फोडून उपयोग नसतो. मी खाल्लेत तसले खडे.

आता शेडचा हिशेब, तोही यजमानांसमोर मांडा, पण भांडणात नव्हे. सात लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर साधारण दहा वर्षांत दुप्पट, चौदा. नऊ हजार भाड्याचे वर्षाला एक लाख आठ हजार, दहा वर्षांचे जवळजवळ अकरा लाख. विमा, बॅटरी, टायर, रबर, आरटीओ असं धरून वर्षाला पंचवीस हजार, दहा वर्षांत अडीच. म्हणजे दहा वर्षांनी या दोन गाड्यांनी मिळून साडेसत्तावीस लाख दिले, तर यजमान ना नफा ना तोटा. मला तसं होईल असं वाटत नाही. एक बारीक दिलासा आहे: घरच्या वापराची गाडी नफ्यात विकली तर तो भांडवली नफा धरत नाहीत. ती कारखान्याच्या वह्यांत दाखवली असेल तर मात्र आधी सीएंना विचारा.

आणि भाव सरळ रेषेत चढत नाहीत, हेही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जगभर लोक हौशी गाड्या शेअरसारख्या घ्यायला लागले. एन्झो फेरारी १९८८ मध्ये गेले आणि फेरारींचे भाव पिसाटले. १९९० नंतर सगळं धाडकन खाली आलं. ज्यांनी बघायला आणि चालवायला घेतल्या होत्या त्यांचं फारसं बिघडलं नाही. ज्यांनी कर्ज काढून विकायला घेतल्या होत्या, त्यांचं काय झालं ते तुम्ही ओळखालच. सोलापुरात गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

आता त्या आरएक्सकडे. ताई, तुमच्या शेडमध्ये एके काळी पंधरा वर्षांच्या पोरांना खरोखर हवी असलेली वस्तू कुठली असेल तर ती प्लास्टिकखाली आहे. आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ मध्ये निघाली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर, आणि वजन इतकं कमी की दुसऱ्या गिअरमध्ये पुढचं चाक उचलायचं. दयानंद कॉलेजच्या फाटकावर तिचा आवाज आला की वर्गातली निम्मी मुलं खिडकीकडे बघायची. ती मुलं आज पन्नाशीला टेकली आहेत आणि त्यांच्याकडे पैसा आहे. धुराच्या नियमांमुळे तशी गाडी पुन्हा निघणं कठीण. कागद पूर्ण असलेल्या, मूळ सायलेन्सर आणि मूळ टाकीच्या आरएक्स लाखाच्या वर जाताना मी पाहिल्या आहेत. लाखो विकल्या गेलेली गाडी मागणीत आहे आणि मोजकी विकली गेलेली स्टॉर्म गिऱ्हाइकाची वाट बघतेय. सहा हजार काय, भंगारवाला ती तुमच्याकडून घेऊन संध्याकाळच्या आत सात रस्त्याला पन्नासला देईल.

पण ती विकायची का, हा प्रश्न तुमचाही नाही आणि यजमानांचाही नाही. सासरे हयात आहेत, गाडी त्यांच्या नावावर आहे. चार पानांत त्यांना विचारल्याचं कुठे दिसलं नाही. आधी विचारा. कदाचित म्हणतील काढून टाक. कदाचित ट्रंकेतून १९९२ चं बिल काढून दाखवतील, आणि तसं झालं तर ते बिल लॅमिनेट करू नका, नुसतं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गाडी राहू द्यायची तर त्यांच्या हयातीतच नोंदणीचं नूतनीकरण आणि नावाचं काम उरका. मागे राहिलेल्यांना फॉर्म ३१ आणि वारसांची नाहरकत करत बसावं लागतं.

गाड्या टिकवण्याबद्दल सोलापूरची हवा अर्धी मित्र आहे. अमेरिकेतही कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या कोरड्या भागातल्या गाड्यांना जास्त मागणी असते, कारण पत्रा गंजत नाही. कोकणातली गाडी आणि आपल्याकडची, खालून बघितली की फरक कळतो. तुमची स्टॉर्म गोव्याची, म्हणून तिची बॉडी सोडून द्या, खालची लोखंडी चौकट मेकॅनिकला लिफ्टवर घेऊन दाखवा. पण आपला एप्रिल-मे रबर आणि प्लास्टिकचा काळ आहे. शेडच्या पत्र्याखाली दुपारी काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आणि उभ्या गाडीत पेट्रोल साठवू नका. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचं का असेना, जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही, शिवाय ते पाणी ओढून घेतं. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा, बॅटरीची एक वायर सोडा, महिन्यातून एकदा गाडी चार हात पुढे-मागे ढकला, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाहीत.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर “विका की ठेवा” असा प्रश्नच टाकला नसता. लान्सर जाऊ द्या, तिचे पैसे स्टॉर्मच्या कागदांना लावा. स्टॉर्मला शेडचा एक कोपरा, दहा बाय अठराचा, खुणा मारून द्या. बाकी जागेत माग टाका किंवा भाडेकरू ठेवा. मागाच्या शेजारी गाडी ठेवायची तर मध्ये भिंत हवी, तंतूंचा धुरळा इंजिनात जातो आणि आगीची भीती वेगळीच. त्या कोपऱ्याचं भाडं, समजा महिना हजार-दीड हजार, यजमानांनी स्वतःच्या खर्चातून कारखान्याच्या खात्यात जमा करावं. नुसतं नाटक वाटेल, पण हौसेला भाडं लागलं की माणूस स्वतःच विचार करायला लागतो. एक वर्षाची मुदत घाला: वर्षात एमएच १३ चा नंबर आला तर गाडी राहील, नाही आला तर आहे त्या अवस्थेत जाईल. मला वाटतं तो नंबर येईल.

आणि बोलताना “भंगार” हा शब्द वापरू नका. तुमच्या पत्रात तो सात वेळा आहे, मी मोजला. यजमान “सोन्याचा भाव” म्हणतात, त्यातलं बरंचसं त्या शब्दाला उत्तर असेल. मीही ११८ एनईबद्दल बायकोला “गुंतवणूक आहे” असंच सांगायचो. खरं म्हणजे मला ती संध्याकाळी कंबर तलावापर्यंत चालवायला आवडायची, पण तेवढं कारण पुरेसं आहे असं म्हणायची लाज वाटायची. त्यांना एकदा सरळ विचारून बघा, किंमत कधीच वाढणार नाही असं लिहून दिलं तरी ठेवाल का? हो म्हणाले तर मुलीच्या फीचे पैसे वेगळे काढून मग त्या कोपऱ्याचं बोला. गप्प राहिले तर गिऱ्हाईक शोधायला मी मदत करतो, या सदराच्या पत्त्यावर कळवा.

राहता राहिली चादर. त्यावरून तुम्ही बऱ्याच चिडलेल्या दिसता, पण त्या शेडमध्ये यजमानांनी केलेली हीच एक गोष्ट बरोबर आहे. सुती कापडातून हवा खेळते. प्लास्टिकखाली मात्र रात्रीचा दमटपणा अडकतो आणि आरएक्सच्या क्रोमवर मिठासारखे ठिपके उठतात. उद्या सकाळी ते प्लास्टिक काढा, घरातली एक जुनी चादर आणा, ती धुळीसकट ओढू नका, बाहेर झटकून घ्या, आणि सासऱ्यांना सोबत नेऊन त्यांच्या हातानेच ती गाडीवर घालायला लावा.